मान, प्रमाण आणि छाट

‘नॉर्म’ आणि ‘स्टँडर्ड’ या शब्दांसाठी आपण प्रमाण, मानक, निकष हे शब्द सरसकट योजतो. वस्तुतः त्यांची कुळे निरनिराळी आहेत. लॅटिन ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. आपला ‘निकष’ म्हणजे सोनाराचा कसोटीचा दगड. आणि ‘प्रमाण’ हा तर नैयायिकांच्या घरचा शब्द, यथार्थ ज्ञानाचे साधन या अर्थाचा. गुण्या आणि कसोटी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न मात्र कोशात सुटत नाही. तो पेठेत सोडवावा लागतो, आणि निपाणीसारखी तंबाखूची पेठ त्यासाठी उत्तम शाळा होय.

पूर्वी धान्य तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत अधिक होती. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक मुले घोकीत. पण पायली शिगोशीग भरावयाची की काठाबरोबर, हे कोष्टकात नव्हते. ते रूढीने, आणि खरे सांगावयाचे तर देणाऱ्या-घेणाऱ्यांतील बलाबलाने ठरे. ‘मापात पाप’ ही म्हण उगीच रूढ झाली नाही. वजनाचीही तीच गत. जुना मुंबई मण 28 रत्तलांचा, तर बंगाली मण 82 रत्तलांहून अधिक. नाव मात्र एकच!

1939 च्या कायद्याने 180 ग्रेनचा तोळा, 80 तोळ्यांचा शेर व 40 शेरांचा मण ठरविला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांचा नवा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 पासून नवा पैसा, ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम. सीमेचा वाद आजही मिटलेला नाही. किलो मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच भरतो.

वजन असे ठरले, पण प्रतीचे काय? शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा 1937 पासून आहे. तरीही तंबाखूचा रंग, वास आणि जाडी पारखतो तो घेणाऱ्याचा डोळा, आणि भाव त्या डोळ्यावर अवलंबून. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी महामार्ग अडविला, तो रास्त भावासाठी. 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले.

याहून बारीक, आणि आमच्या मते याहून निष्ठुर, असे माप विडीचे. मजुरी हजार विड्यांवर. टेंभुर्णीचे पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून बाईने माल आणला की तपासणारा तो चाळतो आणि सैल, वेडीवाकडी, फाटक्या पानाची विडी बाजूस काढतो. हीच ‘छाट’. पान मुळातच खराब मिळाले असेल, तर दोष कोणाचा? छाट किती निघावी याला कारखान्यातील रूढीखेरीज आधार नसे. रूढी ठरविणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच असला म्हणजे तिला प्रमाण म्हणणे हा शब्दाचा विटाळ आहे.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने येथे तिसरा पक्ष आणला. मालकाने दिलेला कच्चा माल, त्याने नाकारलेल्या विड्या आणि त्या विड्यांची मजुरी, या तिन्हींविषयींचे तंटे त्या कायद्यान्वये शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेता येत. अर्थात तेथवर जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागे, आणि ती हजारावर मोजली जाई.