घरचे राउटर आणि दूरप्रवेश

बाहेरगावी असताना घरातला सीसीटीव्ही, संगणक किंवा फाइलींची पेटी इंटरनेटमार्गे वापरता येणे म्हणजे दूरप्रवेश. भिवंडी तालुक्यातले पडघा मुंबई–नाशिक महामार्गावर आहे. रस्त्याच्या कडेने गोदामे, आत भातशेती, आणि कल्याण-मुंबईकडे कामाला जाणारी माणसे. अशा ठिकाणी ‘मोबाइलवर कॅमेरा दिसत नाही’ या तक्रारीत शेताची, मालाची आणि घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी असते, म्हणून ती क्षुल्लक समजू नये.

दोष शोधताना बहुतेक जण थेट राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याच्या सोयीला) हात घालतात आणि तिथेच वेळ वाया जातो. आधी पत्ता तपासावा. राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ‘वॅन’ किंवा ‘स्टेटस’ या सदरात दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्यावा. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी’ सांगणारे कोणतेही संकेतस्थळ उघडून तिथला आयपीव्ही४ पत्ता पाहावा. दोन्ही जुळले तर पत्ता आपला. जुळले नाहीत आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्राशीच थांबते. आपल्या राउटरात कितीही पोर्ट उघडले तरी ती घरापर्यंत पोहोचत नाही.

हे पत्त्यांच्या टंचाईमुळे घडले. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या राखीव गटापर्यंत आला आणि तिथून काटकसर सुरू झाली. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनची पत्तामाला खास सीजीनॅटसाठी राखून ठेवण्यात आली.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेले असतात : फायबरवाल्याची पेटी आणि तिला जोडलेले आपले विकतचे राउटर. पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून कनेक्शनचे युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरात भरावेत, ते केबलवाल्याकडून मागून घ्यावेत. ते मिळत नसतील, तर आपले राउटर नुसते ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावे.

पत्ता सार्वजनिक निघाला तर काम सोपे. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला घरातला कायमचा पत्ता राखून द्यावा, नाहीतर वीज गेल्या-आल्यावर तो बदलतो आणि फॉरवर्डिंग भलत्याच यंत्राकडे जाते. बाहेरचा पत्ताही बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा) लावावे. चाचणी मात्र वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी. कित्येक राउटर आतून निघालेली हाक स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावरून आत वळवत नाहीत. त्यामुळे घरच्या वायफायवरून पाहिल्यास सगळे नीट असूनही बिघाड आहे असे वाटते.

सीजीनॅट असेल तर जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. आयपीव्ही६ हाही मार्ग आहे, पण दोन्ही टोकांना ते हवे आणि राउटरच्या फायरवॉलने परवानगी द्यायला हवी. घरगुती गरजेला टेलस्केलसारखे व्हीपीएन अधिक सोयीचे : घरातले यंत्र स्वतःहून बाहेर जोडणी करते, त्यामुळे पोर्ट उघडावे लागत नाही.

कधी दोष सेटिंगचा नसतोच, विजेचा किंवा तारेचा असतो. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर अंतर कापून येणारी ±५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॉट क्षमतेची वीजवाहिनी पडघ्याला संपते. पण घरची वीज वितरणाच्या वेगळ्या तारांवर अवलंबून असते आणि पावसाळ्यात तीच जाते. कॅमेरे इन्व्हर्टरवर आणि फायबरची पेटी साध्या प्लगवर असेल, तर चित्र दिसणार नाही. पेटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटली किंवा फार वाकली आहे, केबलवाल्याला बोलवावे. अशा वेळी रिसेटच्या भोकात टाचणी खुपसू नये. त्याने कनेक्शनची माहिती पुसली जाते आणि एका दोषाचे दोन होतात.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. म्हणून डीव्हीआर ‘डीएमझेड’मध्ये (बाहेरच्या सगळ्या हाका एकाच यंत्राकडे सोडणाऱ्या सोयीत) ठेवू नये, संगणकाचे ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट उघडे टाकू नये, यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारे यूपीएनपी बंद ठेवावे. कॅमेरे बसवणाऱ्याने घातलेला पासवर्ड तो घरातून निघाला की त्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्यावा.