परस, खडू आणि हापसा

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडची आमची विहीर आटली. नऊ परस खोल; परस म्हणजे पुरुष, माणसाच्या उंचीवरून आलेलं खोलीचं माप. तळाच्या खळग्यातलं पाणी आई वाटीनं घागरीत भरायची. मी तेव्हा पुण्यात भूगर्भशास्त्र शिकत होतो. त्याच साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि पुढच्या वर्षी मी तिच्यात लागलो. वडिलांचा विश्वास बसेना. ‘दगडं बघायचा पगार देत्यात?’

पहिलं काम विहिरी मोजण्याचं. पोलादी फितीच्या टोकाला हातभर खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजला ते वाचायचं. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. दर वेळी त्याच विहिरी. कंटाळवाणं काम, पण त्या कंटाळ्यावरच हे शास्त्र उभं आहे.

बोअरची गाडी मात्र जत्रेसारखी. युनिसेफनं आणवलेल्या यंत्रांत दाबाच्या हवेवर हातोडा चाले. जिथं सुरुंग लावून विहीर उतरवायला महिने जात, तिथं एक-दोन दिवसांत दोनशे फूट. भोकातून उडणारी पूड मुठीत दाबून बघायची. लाडवासारखी वळली की काळजाचा ठोका चुकायचा.

एका गावी माझी पूड शेवटपर्यंत कोरडीच. विद्युतरोधाचा आलेख मी दोनदा काढला होता, हे कुणाला सांगणार? जन्मभर विहिरी खोदलेला एक म्हातारा वडार म्हणाला, ‘सायेब, गेरू तिकडं उतरतोय. पाणी त्याच्या अंगावरनं तिकडंच जाणार.’ लाव्हाच्या दोन थरांमधल्या त्या तांबड्या पट्ट्याबद्दल मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. तो कुठं कलतो, हे ओढ्याच्या काठावर उघडं दिसत होतं. मी बघितलं नव्हतं. उताराला सरकलो. साठ फुटांवर पाणी.

पाणी लागलं तरी हापसा टिकेना. एका घरासाठी घडवलेल्या बिडाच्या पंपावर अख्खं गाव लोंबकळायचं. जालना, सोलापूरच्या मिशनवाल्यांनी पोलादी, दणकट पंप बनवले आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढं इंडिया मार्क टू आला. खेड्यातल्या पाण्याच्या इतिहासात त्या कारागिरांना आम्हा शास्त्रज्ञांच्या आधी बसवायला हवं.

एका मे महिन्यात घरच्याच विहिरीत फीत सोडली. वडील काठावर उकिडवे.

‘किती?’

‘साडेअकरा मीटर.’

‘परसात सांग.’