सागरी दुर्गावरील दारूखाना : सोरा, सर्दी आणि आज्ञापत्रातील साठवणुकीचे नियम

प्रस्तावना

तारकर्लीच्या पुळणीवरून उत्तरेस पाहिले असता सिंधुदुर्गाची तटबंदी दृष्टीस पडते. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी या दुर्गाची पायाभरणी झाली आणि 1667 पर्यंत बांधकाम पूर्णत्वास गेले. दुर्गाविषयीच्या लेखनात तटाची लांबी, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचे मंदिर यांना विपुल स्थान मिळाले आहे. तटावरील तोफा मात्र ज्या भुकटीवर चालत, ती भुकटी चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर कोरडी कशी राखावयाची, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. दुर्गाचे सामर्थ्य तटाइतकेच या भुकटीवर अवलंबून होते. प्रस्तुत निबंधात तिच्या साठवणुकीचा विचार आज्ञापत्राच्या आधारे केला आहे.

आज्ञापत्रातील तरतुदी

रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र इ.स. 1715 च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या काळातील आहे. मालवण व सिंधुदुर्ग 1812 च्या तहाने इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत कोल्हापूरच्याच राज्यात होते (1765-66 मधील इंग्रजांचा अल्पकालीन ताबा हा अपवाद). त्यामुळे हा ग्रंथ या किनाऱ्याला परका नाही. शिवाय अमात्यांचे बावडा हे सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिपर्जन्याचे ठिकाण. दमट हवेत धान्य, कापड आणि दारू यांचे काय होते, हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

दुर्गांविषयीच्या प्रकरणात दारूखान्यासंबंधी ज्या आज्ञा आहेत, त्यांचा आशय थोडक्यात असा : दारूखाना राहत्या घराला लागून नसावा, तो सदरेपासून बेताच्या अंतरावर असावा व त्यास कुंपण असावे. आत तळघर करून त्याची जमीन गच्च करावी. त्यावर लाकडी माच घालून माचावर दारूची मडकी ठेवावीत. बाण, होके इत्यादी वेगळ्या जागी ठेवावेत. सर्दी पोहोचू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढवावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी. पहारा अहोरात्र असावा व परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये.

यातील अंतराचा नियम समकालीन जगातही मोठी किंमत देऊन शिकला गेला. हॉलंडमधील डेल्फ्ट नगरात 12 ऑक्टोबर 1654 रोजी, म्हणजे सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपूर्वी 10 वर्षे, वस्तीतील दारूकोठाराचा स्फोट होऊन नगराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. चित्रकार कारेल फाब्रिटियस त्यातच मरण पावला. त्यानंतर तेथील नवे कोठार नगराबाहेर बांधण्यात आले. ठिणगीविषयीची सावधगिरी महाराष्ट्रातही आज्ञापत्राहून जुनी आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना 1670 च्या दशकात लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारकाव्याची ताकीद दिली होती. तो विषय गवताचा होता. परंतु गवताविषयी एवढी दक्षता घेणारे शासन दारूविषयी बेफिकीर असणे संभवत नाही.

सर्दीचा प्रश्न

तरीही आज्ञापत्रातील दारूखान्याच्या नियमांचा बराच मोठा भाग आगीऐवजी सर्दीशी निगडित आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गच्च जमीन, माच, मडकी, ऊन या सर्व तजविजी ओलाव्याविरुद्धच्या आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास याचा उलगडा होतो.

तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. नंतरच्या काळात युरोपात स्थिरावलेले प्रमाण अनुक्रमे 75, 10 व 15 टक्के असे होते. शुद्ध सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हवेतील आर्द्रता 90 टक्क्यांच्या पुढे जाईपर्यंत सहसा पाणी धरत नाही. परंतु मातीतून काढलेल्या सोऱ्यात साधे मीठ आणि सोडियम व कॅल्शियम यांची नायट्रेटे उरत असत. साधे मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागते आणि कॅल्शियम नायट्रेट त्याहून कितीतरी आधी. मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा या मर्यादेच्या वर असते. त्यात समुद्रावरील वारा स्वतःच मीठ घेऊन येतो. म्हणजे सोरा शुद्ध करताना राहिलेली कसूर घाटावरच्या दुर्गावर कदाचित खपून जाईल; बेटावर ती खपण्यासारखी नव्हती. कोळसा सच्छिद्र असल्याने तोही ओलावा धरतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एकदा चांगली भिजलेली दारू केवळ वाळवून पूर्ववत होत नाही. सोरा पाण्यात विरघळतो, मिश्रणातून सरकतो आणि वाळताना वेगळे स्फटिक धरतो. कोळशाच्या कणाशी असलेला त्याचा निकट संपर्क तुटतो. अशी दारू हाताला कोरडी लागते, पण मंद जळते व गोळा जवळच पडतो. ती पुन्हा कामाला आणावयाची तर पुन्हा खलणे भाग आणि तयार मिश्रण खलणे हे तर सर्वांत धोक्याचे काम. या प्रकाशात आठ-पंधरा दिवसांच्या मुदतीचा अर्थ स्पष्ट होतो. सर्दी मिश्रणात मुरण्यापूर्वीच ती काढून टाकावी, म्हणजे फेरखलाची वेळच येऊ नये, असा या नियमाचा परिणाम होतो. वरकरणी जी केवळ टापटीप वाटते, ती वस्तुतः सुरक्षेची तरतूद आहे.

कोकणातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र भांडारातही हाच अनुभव येतो. सैल झाकणाच्या बाटलीतील अशुद्ध नायट्रेट पावसाळ्यानंतर खड्यासारखे घट्ट झालेले आढळते. ते लोखंडी सळईने फोडू नये, सांडलेली भुकटी पुन्हा बाटलीत भरू नये आणि गंधक किंवा कोळसा त्याच फळीवर ठेवू नये, हे प्रत्येक प्रयोगशाळा साहाय्यकास ठाऊक असते, निदान असावयास हवे. आज्ञापत्रातील दारू मात्र आधीच मिसळलेली होती. घटक वेगळे ठेवण्याची सवलत तेथील हवालदारास नव्हती.

नियम आणि ऋतू

आता अडचण अशी की मालवणच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात वर्षाकाठच्या पावसापैकी बहुतेक पाऊस पडतो. आठ-पंधरा दिवसांनी ऊन देण्याचा नियम या चार महिन्यांत अक्षरशः पाळणे शक्य नव्हते. उघडीप पाहून दारू बाहेर काढली, तर वाळण्याऐवजी दमट हवाच आत घेण्याचा संभव. याच काळात समुद्र खवळलेला असल्याने बेटाचा किनाऱ्याशी संबंधही तुटे. आजही पावसाळ्यात सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. नवी दारू आणून जुनीची भरपाई करण्याचा मार्गही त्यामुळे खुंटे. आज्ञापत्राने आरमारास पावसाळ्यात बंदरात छावणी करण्यास सांगितले आहे, परंतु सागरी दुर्गावरील दारूसाठी वेगळा ऋतुनियम दिलेला नाही.

यावरून तो नियम केवळ कागदावर राहिला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पावसाळ्यात वेळापत्रक थांबले, तरी माच, गच्च जमीन व मुद्रा केलेली मडकी आपले काम करीतच राहतात. किंबहुना अशा ठिकाणी सर्व भार त्यांच्यावरच येतो. मडक्याचे तोंड वारंवार न उघडणे हेच तेथे शहाणपणाचे. मुद्रेचा हेतू चोरीस आळा घालणे हा असला, तरी बंद तोंड ओलावाही रोखते.

कोरड्या ऋतूत धोक्याचे स्वरूप पालटते. फेब्रुवारी 1756 मध्ये याच किनाऱ्यावरील विजयदुर्गावर इंग्रजांनी तोफा डागल्या, तेव्हा एका जहाजावर पडलेल्या गोळ्याने लागलेली आग पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. पावसाळ्यात सर्दी आणि उन्हाळ्यात ठिणगी, असे हवालदाराचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. वैशाख-ज्येष्ठातील अखेरचे ऊन दाखवून मडकी बंद करावयाची आणि भाद्रपद सरता आकाश मोकळे झाले की ती पहिल्यांदा उघडावयाची, असाच क्रम या हवेत व्यवहार्य दिसतो. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यास निघत, हे सर्वश्रुत आहे. चार महिने बंद राहिलेली दारू कामाची उरली की नाही, याचा निकाल सागरी दुर्गावर त्याच सुमारास, मडक्याचे झाकण निघताना लागत असला पाहिजे.