रक्त थांबवणारी पट्टी : अस्सल आणि नक्कल

अमळनेर, पारोळा, धुळे या भागात शेतात कोणाला साप चावला की पहिली धावपळ होते ती दोरीसाठी. कोणी रुमाल सोडतो, कोणी सुतळी शोधतो आणि दंशाच्या वरच्या बाजूला पाय करकचून आवळला जातो. सर्पदंशात असे बांधू नये, हे आता डॉक्टर निक्षून सांगतात. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकर नेणे हाच उपाय.

पण मळणी यंत्रात हात सापडला किंवा महामार्गावरच्या अपघातात मांडीची रोहिणी फाटली तर? अशा वेळी माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. जखम घट्ट दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर हीच आवळण्याची क्रिया जीव वाचवते. त्यासाठीच्या साधनाला टूर्निकेट म्हणतात. या साधनाच्या हुबेहूब नकला गेली काही वर्षे जगभर विकल्या जात आहेत. त्यांवर विसंबता येईल का? उत्तरासाठी आधी या पट्टीचा इतिहास पाहू या.

काठी, स्क्रू आणि रबर

नुसत्या हाताने कापड कितीही ओढले तरी मांडीतली रोहिणी बंद होईल इतका ताण सहसा येत नाही. १६७४ साली फ्रान्समधील बझाँसाँच्या वेढ्यात एत्येन मोरेल या शल्यविशारदाने पट्टीत काठी घालून ती पिळली. उसाच्या मोळीची दोरी काठीने पीळ देऊन आवळावी, तसाच हा प्रकार. १७१८ मध्ये पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी काठीऐवजी स्क्रू बसवला. त्यामुळे ताण हळूहळू वाढवता आला आणि हात सोडला तरी तो टिकून राहिला. 'टूर्निकेट' हे नाव 'फिरवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आले आहे. पुढे १८७३ मध्ये जर्मन लष्करी डॉक्टर एस्मार्ख यांनी रबरी पट्टी आणली.

या सर्वांपुढचा प्रश्न एकच होता : पुरेसा दाब आणायचा कसा, आणि आणलेला टिकवायचा कसा?

अर्धवट आवळण्याचा धोका

निरोगी माणसाच्या मोठ्या रोहिणीत हृदय आकुंचन पावताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर असतो. नीलांमधला दाब याच्या मानाने फारच कमी. आता पट्टी सैल बसली असे समजा. कमी दाबाच्या नीला मिटतात, पण रोहिणी उघडीच राहते. म्हणजे रक्त अवयवात येत राहते आणि परतीची वाट मात्र बंद होते. परिणामी जखमेतून होणारा रक्तस्राव वाढू शकतो. म्हणूनच अर्धवट चालणारी पट्टी ही 'नसण्यापेक्षा बरी' म्हणता येत नाही.

पट्टीच्या रुंदीलाही महत्त्व आहे. रुंद पट्टी कमी दाबात रोहिणी बंद करते. सुतळी मात्र कातडीत रुतते आणि खोलवरच्या रोहिणीपर्यंत तिचा दाब नीट पोचत नाही.

बदनामी आणि पुनरागमन

पहिल्या महायुद्धात टूर्निकेटची मोठी बदनामी झाली. पट्ट्या कधी सैल बसत, कधी तासन्‌तास तशाच राहत आणि सैनिकांचे पाय कापावे लागत. 'हा शेवटचा उपाय' असे शिक्षण पुढे कित्येक दशके दिले गेले. दोष साधनाचा किती आणि वापराचा किती, हे कोणी नीट मोजले नव्हते.

मोजणी झाली ती इराक युद्धात. बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातील २३२ जखमींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त जाऊन रुग्ण शॉकच्या अवस्थेत जाण्यापूर्वी पट्टी बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले. त्यानंतर बांधलेल्यांपैकी फक्त १० टक्के. केवळ पट्टीमुळे कोणाचाही हात किंवा पाय गेला नाही. तोवर २००५ पासून अमेरिकी सैन्यात 'कॅट' नावाची पट्टी रूढ झाली होती. सुमारे ३.८ सेंटिमीटर रुंद पट्टा, वेलक्रो, पिळण्याची दांडी आणि दांडी अडकवण्याची खोबण, एवढीच तिची रचना. मोरेलच्या काठीचाच हा नवा अवतार.

नकला कुठे मोडतात?

रचना सोपी, मागणी मोठी आणि किंमत बरीच. मग नकला आल्याच. त्यांचा रंग, आकार, छपाई सारे तसेच असते. फरक असतो तो दांडीच्या प्लॅस्टिकमध्ये, शिवणीत आणि वेलक्रोच्या पकडीत. अस्सल दांडी पिळताना ताठ राहते. नकलेची दांडी वाकते, कधी मोडते, आणि तीही नेमकी ताण सर्वाधिक असताना. २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धात मागणी एकदम वाढली, तेव्हा हा प्रश्न फार तीव्र झाला.

प्रत्येक नक्कल निकामी असते असे मात्र नाही. काही नकला रक्त थांबवतातही. अडचण अशी, की कोणती थांबवेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. विश्वासार्हता एका पट्टीकडे पाहून कळत नाही. एकाच मालाच्या अनेक नमुन्यांवर चाचणी घ्यावी लागते आणि निर्मात्यापासून आपल्यापर्यंत मधे कोणी माल बदललेला नाही याची खात्री लागते. यातला एक दुवा तुटला की लेबल निरर्थक ठरते.

जे. जे.चा धडा

ही किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला व डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले होते. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन निघाले. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. पाहून किंवा चाखून फरक कळणे शक्य नव्हते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून औषध-नियंत्रणापर्यंत साखळीतले ढिले दुवे उघड केले. परिचारिकेने योग्य मात्रा दिली होती, डॉक्टरांनी योग्य औषध लिहिले होते. बाटलीत मात्र ते नव्हते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तरीही स्वस्त मिळते म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून पट्टी घेणाऱ्याला कायदा दरवेळी वाचवू शकणार नाही.

वर्गात करून पाहा

वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळीवर मऊ रबरी नळी लांबीच्या दिशेने ठेवा आणि तिच्यातून पाणी सोडा. आधी सुतळी हाताने बांधा. मग चार सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी बांधून तिच्यात पेन घाला आणि पिळा. पाणी केव्हा थांबते? आता एकसारखे दिसणारे दोन वेगवेगळ्या बनावटीचे पेन घेऊन प्रत्येकी दहा वेळा प्रयोग करा. किती वेळा पेन वाकला, किती वेळा पाणी पुन्हा सुरू झाले, हे तक्त्यात लिहा. पहिल्याच प्रयोगावरून निष्कर्ष काढला असता तर तो बरोबर आला असता का, हे मुलांना विचारा. मात्र पट्टी कोणाच्याही हातापायाला बांधून पाहू देऊ नका.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत टूर्निकेट ठेवायची असेल तर ती निर्मात्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी आणि एका शिक्षकाने तरी तिचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. सरावाची पट्टी वेगळी ठेवावी. प्रत्यक्ष वेळ आलीच तर आधी जखम घट्ट दाबावी, १०८ ला फोन करावा, आणि पट्टी बांधल्यास वेळ लिहून ठेवावी. ती सोडण्याचे काम डॉक्टरांचे.