योजना बदलली की रुग्णाला धास्ती का वाटते? आरोग्य योजनांचा थोडा इतिहास



२०१७ सालची गोष्ट. आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. धाप लागलेली, पायांवर सूज, नाडी अनियमित. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं होतं. सलग दोन डायलिसिस चुकवले होते. कारण विचारलं तर बायकोने पिशवीतून जुनं आरोग्य कार्ड काढून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही योजना बंद झाली ना? शेजारी म्हणाले, आता पैसे भरावे लागतील. मग आम्ही थांबलो."

योजना बंद झाली नव्हती, फक्त तिचं नाव बदललं होतं. गृहस्थ वाचले, पण थोडक्यात.

तेव्हापासून योजनेत काहीही बदल झाला की माझ्या दवाखान्यात हाच प्रश्न येतो, "आमचं कार्ड अजून चालतं का हो?" या भीतीला लोक अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या योजनांचा इतिहास पाहिला तर ही भीती कुठून आली ते समजतं आणि तिच्यावरचा उपायही सापडतो.

नोकरी असेल तर उपचार

आजारपणात कामगाराला संरक्षण हवं हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्याआधीपासून होता. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत ही योजना सुरू झाली. आपण जिला ईएसआय म्हणतो ती हीच.

योजना चांगली होती आणि आहे. पण ती नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की काही काळाने हक्कही जातो. मुंबईत १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणी कामगारांची नोकरी गेली, त्यांचं पगाराबरोबर हे संरक्षणही गेलं. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले तर त्यात कधी आलेच नाहीत.

दाखला, मग रेशन कार्ड

गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. तिचा आधार होता दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला. आजार आधी, कागद नंतर, मग मंजुरीची वाट. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेल्या रुग्णाला अशी वाट पाहणं परवडत नाही.

केंद्राने १ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. ३० रुपयांत नोंदणी, बोटांचे ठसे असलेलं स्मार्ट कार्ड, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण. ही रक्कम लहान आजारांना पुरे, कॅन्सरला नाही.

खरा बदल झाला २ जुलै २०१२ रोजी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख. रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र. घरोघरी असलेलं रेशन कार्ड हाच पुरावा ठरल्यामुळे माझ्या कितीतरी रुग्णांच्या अँजिओप्लास्टी जमीन गहाण न टाकता झाल्या.

नाव बदललं, यादी आली

२०१७ मध्ये हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशन कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ होता. सरकारी कागदावर हा बदल सरळ दिसतो. पण रुग्णाच्या हातातल्या कार्डावर जुनंच नाव होतं. ते गृहस्थ याच फटीत सापडले.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीमध्ये आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. पाच लाखांचं संरक्षण, पण पात्रता २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवरून. अर्ज करून त्या यादीत शिरता येत नव्हतं. शेजारच्या घरी पत्र आलं आणि आपल्याला का नाही, हे समजावता समजावता आम्ही डॉक्टर दमलो. सून २०१५ मध्ये घरात आली, नातू २०१६ मध्ये जन्मला. त्यांची नावं यादीत असणार कशी? कागद देऊन ती कुटुंबात जोडता येत होती, पण हे रुग्णाला कोणीतरी सांगायला हवं ना!

१ एप्रिल २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र राबवली जाऊ लागली. कोविड दारात उभा होता, म्हणून मे २०२० मध्ये राज्यातल्या सर्व रहिवाशांना तात्पुरतं सामावून घेतलं. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रेशन कार्डाचा रंग न पाहता सर्वांना प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाखांचं संरक्षण देण्याचं ठरलं आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, वेगळं आयुष्मान कार्ड सुरू केलं.

या इतिहासातून काय दिसतं?

१९९७ पासूनचा हा सगळा प्रवास नीट पाहा. संरक्षणाची रक्कम वाढत गेली, पात्र लोक वाढत गेले. म्हणजे "नवी योजना आली, आता आपलं जाणार" ही भीती आजवर तरी बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही.

पण प्रत्येक वेळी पुरावा बदलला. आधी नोकरी, मग दाखला, मग रेशन कार्ड, मग यादीतलं नाव, आता आधारशी जोडलेलं कार्ड. नुकसान झालं ते या बदलाच्या काळात, आणि झालं त्यांचंच ज्यांना एक आठवडाही थांबणं शक्य नव्हतं. डायलिसिस चुकला की पोटॅशियम आणि पाणी शरीरात साठतं, त्यातून हृदय बंद पडू शकतं. केमोथेरपीचं चक्र लांबलं की आजाराला मोकळीक मिळते. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. शरीराला शासन निर्णयाची तारीख कळत नाही.

म्हणून चिंता करणाऱ्याला मी हसत नाही. त्याची चिंता फक्त योग्य कामाला लावतो.

तुम्ही काय करावं?

१. ऐकीव माहितीवर उपचार थांबवू नका. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. आयुष्मान कार्डासाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

२. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवा. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव, आडनाव, जन्मसाल जुळतं का ते पाहा. लग्नानंतर बदललेलं नाव इथेच अडतं.

३. कष्टकऱ्यांचे आणि वृद्धांचे बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत. ओटीपी किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, ते आवर्जून मागा. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवा.

४. जुनं कार्ड फेकू नका. जुन्या फाइल्स, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या मंजुरीचा कागद एकत्र ठेवा.

५. योजनेत काय येत नाही तेही समजून घ्या. ही योजना मुख्यतः दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. बीपी आणि शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात धरू नका. त्यासाठी सरकारी रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

६. तातडीची वेळ असेल तर कागद शोधत घरी बसू नका. योजनेत असलेल्या रुग्णालयात पोहोचा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद मागाहून देता येतात.

आणि माझ्या व्यवसायातल्या मित्रांना एक विनंती. नियमित उपचारांवरच्या रुग्णाला पुढची तारीख देताना एक वाक्य जास्त बोला, "योजनेत काही बदल झाला असं ऐकलंत तर आधी मला विचारा, पण यायचं थांबू नका." त्या गृहस्थांना हे वाक्य मी आधी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येकाला सांगतो.

तुमच्या घरात कोणी डायलिसिस, केमो किंवा हृदयाच्या उपचारांवर असेल तर आज संध्याकाळीच त्यांचं कार्ड काढून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

काळजी घ्या.