उत्तरे नसलेले पुस्तक

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला विज्ञानासाठी काहीतरी द्यावे, अशी चर्चा चालू आहे. त्या निमित्ताने शेजारच्या मध्य प्रदेशात घडलेला एक इतिहास सांगावासा वाटतो.

१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी पुढाकार घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही मदतीला होते.

महागडी प्रयोगशाळा नव्हतीच. वर्गातच चार-चार मुलांचे गट करून प्रयोग चालत. फुलाचे भाग सोडवायला सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात कृती आणि प्रश्न होते, उत्तरे नव्हती. ती मुलांनी स्वतः पाहून, मोजून, आपसांत वाद घालून वहीत लिहायची. मनात आलेले प्रश्न मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरेही येत.

पण खरा बदल दोन ठिकाणी होता. पहिला परीक्षेत: पुस्तक आणि वही जवळ ठेवून पेपर सोडवायचा, शिवाय प्रात्यक्षिकही. पाठांतराचा उपयोगच उरला नाही. दुसरा शिक्षकांत: तेच प्रयोग शिक्षक आधी शिबिरात स्वतः करत आणि दर महिन्याला एकत्र बसून अडचणी मांडत. ‘मलाही माहीत नाही, करून पाहू’ असे वर्गात म्हणायला त्यांना संकोच वाटेनासा झाला.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शाळांत पोहोचला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक होते, साहित्य होते. पण परीक्षा आणि पुस्तके जुन्या वळणावर गेली की नुसत्या साहित्याच्या जोरावर काही टिकत नाही.

म्हणून एक सुचवते. स्मार्ट बोर्ड किंवा तयार संच घेण्याआधी शाळेतल्या आजच्या शिक्षकांशी बोलूया. निधीतला काही भाग त्यांच्या मासिक बैठकांसाठी आणि वर्षभर लागणाऱ्या किरकोळ सामानासाठी राखून ठेवूया. कुलूपबंद कपाटातली भिंगे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्या गुरुजनांनी यावर मत द्यावे, ही विनंती.