आधी मोजणी, मग प्रश्न

पुरावा कधीकधी आधी तयार होतो आणि तो ज्या प्रश्नाचा पुरावा, तो प्रश्न मागाहून येतो. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला हॉक माउंटन.

दर शरदात उत्तरेकडचे ससाणे आणि गरुड दक्षिणेला निघतात. इथे वारा डोंगररांगेवर आदळून वर चढतो आणि त्यावर तरंगत हे पक्षी कड्याच्या अगदी जवळून जातात. बंदूकवाल्यांना आणखी काय हवं? शिकारी पक्षी तेव्हा उपद्रवी समजले जात. १९२९ पासून गॉसहॉक मारणाऱ्याला सरकारी बक्षीस होतं, पाच डॉलर. १९३२ मध्ये रिचर्ड पो यांनी खाली पडलेले मेलेले पक्षी रांगेत मांडून फोटो काढले. त्यातून हे प्रकरण न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोचलं. १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकर डोंगर सरळ भाडेपट्ट्यावर घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणदार नेमलं.

काम होतं शिकाऱ्यांना अडवायचं. पण ब्राउन कड्यावर बसून जाणारे पक्षी मोजूही लागले. युद्धाची १९४३ ते ४५ ही वर्षं सोडली, तर वह्या भरतच राहिल्या.

या वह्यांमधली एक नोंद पुढे फार मोलाची ठरली. बाल्ड ईगलचं डोकं मोठेपणी पांढरं होतं, पिल्लू मात्र सगळं गडद असतं. त्यामुळे उडतानाही वय कळतं. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्या या गरुडांपैकी ४० टक्के त्या वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते ५९ मध्ये २० टक्के. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू!

रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) मध्ये डीडीटीविरुद्ध लिहिताना हे आकडे वापरले. आता, नुसत्या मोजणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरंच. म्हणून त्यांनी फ्लोरिडातल्या ओस पडत चाललेल्या घरट्यांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतली निरीक्षणंही सोबत मांडली. पण ‘पूर्वी किती होते?’ याचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नसतं. १९३५ मध्ये परत जाऊन पक्षी कोण मोजणार?

१९७२ मध्ये अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली. हॉक माउंटनवर मोजणी आजही चालू आहे. ‘याचा उपयोग काय?’ असं मोजणाऱ्याला विचारण्याआधी ब्राउन यांच्या वह्या आठवाव्यात.